समीकरण, पातळी-आकृती की ऊर्जा आलेख? मिथेनच्या ज्योतीवरून तिन्हींची तुलना

रासायनिक अभिक्रियेतला ऊर्जाबदल वहीत मांडण्याचे तीन मार्ग रूढ आहेत: उष्मारासायनिक समीकरण, एन्थाल्पीची (पदार्थातील ऊर्जेच्या मापाची) पातळी-आकृती आणि सक्रियन ऊर्जा (अभिक्रिया सुरू व्हायला लागणारी किमान ऊर्जा) दाखवणारा आलेख. अकरावी-बारावीत तिन्ही भेटतात. मात्र प्रश्न काय विचारतोय हे न पाहता बरेच जण थेट चढ-उताराची वक्ररेषा काढायला घेतात. तिथेच गडबड होते, कारण तिन्हींची कामे वेगळी आहेत. मुंबईत घरोघरी पाइपने येणारा गॅस बहुतांशी मिथेन असतो, म्हणून तुलनेसाठी त्याचेच ज्वलन घेऊ.

उष्मारासायनिक समीकरण

मिथेन (वायू) + २ ऑक्सिजन (वायू) → कार्बन डायऑक्साइड (वायू) + २ पाणी (द्रव); डेल्टा एच = −८९० किलोजूल

डेल्टा एच म्हणजे एन्थाल्पीतला बदल; वजा चिन्ह म्हणजे उष्णता बाहेर पडते. ‘किती उष्णता?’ असा प्रश्न असेल तर हेच निवडा. समीकरण दुप्पट केले की डेल्टा एच दुप्पट होते, उलटे लिहिले की चिन्ह बदलते. आकडेमोड याच्यावरच होते.

कंसातल्या अवस्था मात्र गाळू नका. पाणी द्रवाऐवजी वाफ म्हणून बाहेर पडले तर उत्तर −८९० नव्हे, −८०२ येते. एक मोल पाण्याची वाफ व्हायला सुमारे ४४ किलोजूल लागतात. दोन मोलांचे ८८, आणि फरक नेमका तेवढाच आहे. साध्या गॅस गीझरमधून वाफ धुराबरोबर निघून जाते, म्हणून तिथे ८०२ धरावे. २० लिटरची बादली २५ वरून ४० अंश सेल्सिअसवर न्यायची तर २० × ४.१८ × १५ = १२५४ किलोजूल हवेत. सगळी उष्णता पाण्यातच गेली असे मानले तर १.५६ मोल, म्हणजे साधारण २५ ग्रॅम मिथेन पुरेल. प्रत्यक्षात गीझरमध्ये काही उष्णता वाया जाते, त्यामुळे गॅस याहून जास्त लागतो.

बंध-ऊर्जांवरून (एक मोल बंध तोडायला लागणाऱ्या किलोजूलवरून) पडताळा घेताना हाच सापळा पुन्हा समोर येतो. तुटणारे बंध: ४ कार्बन-हायड्रोजन (प्रत्येकी ४१३) आणि २ ऑक्सिजन-ऑक्सिजन (४९८), एकूण २६४८. तयार होणारे: कार्बन-ऑक्सिजनचे २ दुहेरी बंध (७९९) आणि ४ ऑक्सिजन-हायड्रोजन (४६३), एकूण ३४५०. वजाबाकी −८०२. बंध-ऊर्जा वायुरूप रेणूंसाठी असतात, त्यामुळे इथे ८९० येणारच नाही. आणखी एक चूक म्हणजे कोष्टकातली कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची सर्वसाधारण किंमत, ७४५, उचलणे. कार्बन डायऑक्साइडमधला बंध त्याहून मजबूत आहे. ७४५ घेतले तर उत्तर −६९४ येते आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

पातळी-आकृती

उभा अक्ष एन्थाल्पीचा. आडव्या रेषा म्हणजे पदार्थांच्या पातळ्या. आडवा अक्ष नसतोच. अनेक टप्प्यांच्या गणितात हिला तोड नाही. कार्बनपासून फक्त कार्बन मोनॉक्साइड बनवून उष्णता मोजणे अवघड, कारण थोडा डायऑक्साइडही तयार होतो. मग वर कार्बन आणि ऑक्सिजनची पातळी काढा, ३९३.५ किलोजूल खाली कार्बन डायऑक्साइडची. कार्बन मोनॉक्साइड (अर्ध्या मोल ऑक्सिजनसह) जळून डायऑक्साइड होताना २८३ सुटतात, म्हणून त्याची पातळी डायऑक्साइडच्या २८३ वर. वर उरलेले अंतर ११०.५, तेच उत्तर. रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० मध्ये मांडलेला नियम (मार्ग कोणताही असो, एन्थाल्पीतला एकूण बदल तोच) इथे डोळ्यांना दिसतो. आमच्या मते शिकायला सुरुवात हिच्यापासूनच करावी. बाण मात्र एकाच टोकाचा, अभिकारकांकडून उत्पादितांकडे काढावा. दोन टोकांच्या बाणाने चिन्ह कळत नाही.

सक्रियन ऊर्जेचा आलेख

शेगडीची कळ फिरवली तरी लायटरच्या ठिणगीशिवाय गॅस पेटत नाही, हे वरच्या दोन्ही मांडण्या सांगू शकत नाहीत. वेग, ठिणगी, उत्प्रेरक असे शब्द प्रश्नात असतील तरच हा आलेख काढा. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या विघटनाची सक्रियन ऊर्जा उत्प्रेरकाविना सुमारे ७५ किलोजूल प्रति मोल असते. आयोडाइड घातले की ती ५६च्या आसपास येते. डेल्टा एच दोन्ही वेळा −९८च राहते. म्हणजे शिखर खाली येते, दोन्ही टोके जागच्या जागी राहतात. उत्प्रेरकाच्या रेषेबरोबर उत्पादितांची पातळीही खाली ओढली की आकृती चुकली.

सक्रियन ऊर्जेचा बाण अभिकारकांच्या पातळीपासून शिखरापर्यंत काढतात, तळाच्या अक्षापासून नव्हे. उलट अभिक्रियेसाठी तो उत्पादितांपासून मोजावा: उत्प्रेरकाविना ७५ + ९८ = १७३. आडव्या अक्षावर ‘अभिक्रियेची प्रगती’ लिहा, ‘वेळ’ नको. वेळ लिहिली तर प्रयोगशाळेत थर्मामीटर धरून काढलेल्या तापमान-वेळ आलेखाशी गल्लत होते, आणि उष्मादायी (उष्णता सोडणाऱ्या) अभिक्रियेत तो नेमका वर चढतो.