डीप पर्पल ऐकायचंय, पण सुरुवात कुठल्या पर्पलपासून?

'स्मोक ऑन द वॉटर'ची धून गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाला येते, पण बाकी डीप पर्पल ऐकायचं राहून गेलेलं असतं. १९६८ पासून चालत आलेल्या या इंग्लिश बँडमध्ये पहिल्या दिवसापासून आजवर टिकलेला माणूस एकच, ड्रमर इयन पेस. बाकीचे इतके बदलले की चाहते लाइन-अपला नंबर देतात: मार्क वन, मार्क टू वगैरे. निवड खरी तीन पर्पलमधली आहे.

मार्क टू म्हणजे १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बेसिस्ट रॉजर ग्लोव्हर आल्यानंतरचा संच. त्यांचा 'मशीन हेड' हा अल्बम थोर आहेच, तरी मी आधी 'मेड इन जपान' ऐका म्हणेन. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालेला हा लाइव्ह अल्बम. रिची ब्लॅकमोरची गिटार आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन यांच्यातले सवाल-जवाब इथे पूर्ण रंगतात. लॉर्ड ऑर्गन मार्शल अँपमधून, म्हणजे गिटारवाल्यांच्या अँप्लिफायरमधून, वाजवायचा, म्हणून तो गिटारइतकाच खरखरीत, अंगावर येणारा लागतो. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये गिलन आवाज चढवत नेतो, तेव्हा आपलाच श्वास अडकतो. गाणी लांब आहेत. 'स्पेस ट्रकिन' वीसेक मिनिटं चालतं. तेवढी सवड काढून ऐका.

लांबण नको, गाणारे गळे हवेत, तर मार्क थ्रीचा 'बर्न' (१९७४). गिलन-ग्लोव्हर गेले आणि डेव्हिड कव्हरडेल हा तोवर कुणाला फारसा माहीत नसलेला गायक आला. बेसिस्ट ग्लेन ह्यूजही गाणारा. एकाचा आवाज भारदस्त, ब्लूजमध्ये मुरलेला. दुसऱ्याचा उंच, सोल संगीताकडे झुकणारा. 'मिस्ट्रीटेड'मध्ये मात्र एकटा कव्हरडेल आहे, आणि तो पुरून उरतो. संगीत पुढे फंककडे वळलं, ते ब्लॅकमोरला रुचलं नाही आणि १९७५ मध्ये तो बाहेर पडला. त्यानंतर गिटारिस्ट टॉमी बोलिनसोबत एक अल्बम झाला, १९७६ मध्ये बँड फुटला. हा भाग सावकाश ऐकला तरी चालेल.

तिसरा पर्याय मुंबईकरांना जवळचा. १९८४ मध्ये मार्क टू पुन्हा जमला, पण १९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचा गेला. त्याच्या जागी पुढे स्टीव्ह मोर्स आला, आणि ८ एप्रिल १९९५ ला हा नवा संच मुंबईत वाजला. त्या कार्यक्रमाचं चित्रण 'बॉम्बे कॉलिंग' नावाने निघालं. या संचाचा पहिला स्टुडिओ अल्बम 'पर्पेंडिक्युलर' १९९६ चा, म्हणजे नवा पर्पल आपल्या शहराने अल्बमच्या आधी ऐकला. मोर्सची बोटं ब्लॅकमोरपेक्षा सफाईदार आहेत. ब्लॅकमोरचा बेभरवशाचा थरार त्याच्यात नाही. गिटार शिकणाऱ्यांनी 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' ऐकावंच.

एकच घ्यायचा असेल तर 'मेड इन जपान'. मात्र घरात मोठ्या आवाजाची, दीर्घ वादनाची सवय नसेल, तर 'बर्न' आधी लावा.