‘ब्रूटलिस्ट’ की ‘वाइल्ड रोबॉट’: २०२४ मधलं कोणतं पार्श्वसंगीत घरी ऐकावं?

चित्रपट संपल्यावर त्याचं पार्श्वसंगीत वेगळं काढून, दिवा मालवून, तासभर बसून ऐकणारी माणसं आपल्याकडे थोडी असली तरी आहेत. त्यांच्यापैकी कुणी विचारलं, की २०२४ च्या चित्रपटांमधला ऑर्केस्ट्राचा एकच अल्बम घ्यायचा तर कोणता, तर माझ्यासमोर दोनच नावं उरतात. डॅनियल ब्लूमबर्गचं ‘द ब्रूटलिस्ट’ आणि क्रिस बॉवर्सचं ‘द वाइल्ड रोबॉट’. दोन्हींना ऑस्करचं नामांकन होतं, पुरस्कार ब्लूमबर्गला मिळाला. दोन्ही मी आधी मोठ्या पडद्यावर ऐकली आणि मग घरी पुन्हा पुन्हा लावली. हळूहळू माझा हात एकाकडेच जास्त जाऊ लागला. त्यामागचं कारण संगीताच्या दर्जाशी फारसं संबंधित नाही, पण घरी ऐकणाऱ्याला ते टाळता येणार नाही असं मला वाटतं.

बाकीची नावं थोडक्यात. हान्स झिमरच्या ‘ड्यून: पार्ट टू’ला ग्रॅमी मिळालं. ऑस्करच्या शर्यतीत मात्र ते नव्हतं, कारण पहिल्या भागातलं संगीत त्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आलं होतं. पहिला भाग ज्यांच्या संग्रही आहे त्यांनी थांबायला हरकत नाही. फोल्कर बर्टेलमानच्या ‘कॉन्क्लेव्ह’मध्ये तंतुवाद्यं करवतीसारखी चालतात, आणि काचेच्या दांड्यांवर ओली बोटं फिरवून वाजवायचं क्रिस्टल बाशे हे वाद्य अंगावर शहारा आणतं. पण तो ताण चित्रपटातच शोभतो. रात्री जेवणानंतर तो मला नको असतो. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मुंबईच्या पावसाळी दृश्यांच्या सोबतीला इथिओपियाच्या एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू यांचा पियानो येतो. तो मला फार प्रिय आहे, पण त्यात ऑर्केस्ट्रा नाही, म्हणून इथे फक्त उल्लेख.

आता ‘ब्रूटलिस्ट’. ब्लूमबर्ग मूळचा लंडनच्या मुक्त, प्रयोगशील वादनाच्या वर्तुळातला. ऑस्कर स्वीकारताना त्याने कॅफे ओटो या लंडनमधल्या छोट्या जागेचं नाव घेतलं होतं, तिथे वाजवणाऱ्यांसाठी. हा अल्बम त्याच माणसांनी भरलेला आहे. शंभर वादकांना एका स्टुडिओत बसवून केलेलं हे काम नाही. ब्लूमबर्ग एकेका वादकाकडे स्वतः गेला आणि त्यांच्या त्यांच्या जागी त्याने ध्वनिमुद्रण केलं. पियानोवादक जॉन टिलबरी तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. त्यांचं वादन इंग्लंडमध्ये, त्यांच्या घरच्या बागेतल्या शेडमध्ये टिपलेलं आहे. पियानोची एक पट्टी दाबली जाते, सूर विरत जातो, आणि तो पूर्ण विरेपर्यंत टिलबरी दुसऱ्या पट्टीला हात लावत नाहीत. इतका धीर असलेला पियानो चित्रपटसंगीतात मी क्वचितच ऐकला आहे.

ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची वाद्यरचना, हा या अल्बमचा कळस, आणि तो पहिल्याच काही मिनिटांत येतो. ते चित्रीकरणाआधी रचलं गेलं होतं आणि सेटवर वाजवलंही गेलं. हंगेरीतून अमेरिकेत येणाऱ्या वास्तुविशारदाच्या भूमिकेतला एड्रियन ब्रोडी जहाजाच्या अंधाऱ्या पोटातून धक्के खात वर येतो, उजेडात पोचतो आणि स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उलटा दिसतो. हे सगळं त्या संगीताच्या चालीवर हलतं. आधी नुसती खडखड, पियानोच्या तारांमध्ये वस्तू अडकवून काढलेले ठोके, बांधकामाच्या जागेवरचे वाटावेत असे आवाज. मग त्यावर ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्यांची, चार सुरांची ओळ येऊन आदळते. त्या चार सुरांत विजय आहे की धोका आहे, हे चित्रपट संपेपर्यंत नक्की ठरत नाही, आणि संगीतकाराला तेच हवं असावं. पुढे मध्यंतरालाही स्वतःचं संगीत आहे. शेवटच्या व्हेनिसच्या तुकड्यात सिंथ-पॉपवाल्या विन्स क्लार्कच्या सिंथेसायझरने सगळा काळच बदलून टाकला आहे: चाळीस-पन्नासच्या दशकातून आपण एकदम १९८० मध्ये. चित्रपट दिवंगत संगीतकार स्कॉट वॉकरला अर्पण केलेला आहे. दिग्दर्शक ब्रेडी कॉर्बेच्या आधीच्या दोन चित्रपटांना त्याचं संगीत होतं. तो वारसा ब्लूमबर्गने नुसता जपला नाही, पुढे नेला.

‘वाइल्ड रोबॉट’ची जात अगदी वेगळी. ॲनिमेशनपट, मोठा स्टुडिओ, मोठा ऑर्केस्ट्रा. हे ऐकूनच काहीजण त्याला दुय्यम ठरवतील. त्यांनी बॉवर्सचा पूर्वेतिहास बघावा. हा माणूस न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतशाळेत शिकलेला जॅझ पियानोवादक. २०११ साली जॅझची थेलोनियस मंक स्पर्धा त्याने जिंकली. ‘ग्रीन बुक’चं संगीत त्याचं, आणि पडद्यावर महेर्शला अली पियानो वाजवतो तेव्हा वाजणारे हातही त्याचेच. शाळांमधली वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांवरच्या लघुमाहितीपटाचा तो सहदिग्दर्शक होता, आणि त्यासाठी त्याला ऑस्कर मिळालेलं आहे. वाद्याला हात लावणारा माणूस त्याला कळतो, हे या अल्बममध्ये सतत जाणवतं.

निर्मनुष्य बेटावर वाहून आलेला रोबॉट एका हंसाच्या पिल्लाला वाढवतो, एवढी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बॉवर्सने रोबॉटच्या बाजूला ताल ठेवला. सँडबॉक्स पर्कशन हा चार तालवादकांचा न्यूयॉर्कचा चमू त्यासाठी घेतला. त्यांचे छोटे, काटेकोर, एकमेकांत गुंतलेले आकृतिबंध म्हणजे यंत्राचा विचार. बेटाच्या आणि पिल्लाच्या बाजूला तंतुवाद्यं आणि लाकडी फुंकवाद्यं. चित्रपट पुढे सरकतो तसे हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळू लागतात, आणि कुठल्या क्षणी मिसळले ते शोधूनही सापडत नाही.

‘आय कुड यूज अ बूस्ट’ हा तुकडा तेवढा नीट ऐका. थंडी तोंडावर आली आहे, हंसांचा थवा निघाला आहे, पिल्लाचे पंख लहान आहेत, आणि रोबॉट त्याला घेऊन कड्याच्या टोकाकडे धावतो आहे. खाली व्हायोलिनची सतत फिरणारी आवर्तनं, त्यावर ताल, मग त्यावर ब्रास. प्रत्येक थर आधीच्यावर बसतो. कुणीही कुणाला ढकलत नाही. पिल्लू हातून सुटतं तेव्हा ऑर्केस्ट्रा पूर्ण उघडलेला असतो, आणि तिथवर आपण कधी पोचलो ते कळलेलंच नसतं. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. त्यातल्या व्हायोलिनच्या लाटा ज्यांना आवडल्या, त्यांना बॉवर्स पहिल्याच भेटीत आपला वाटेल.

आता ज्याने माझा कौल ठरवला ती अडचण. आवाजाची पातळी.

मी फ्लॅटमध्ये राहतो. खाली रस्ता आहे, डोक्यावर पंखा आहे, भिंतीपलीकडे घरातली माणसं झोपलेली असतात. सलग ऐकायला वेळ मिळतो तो रात्रीच. ‘ब्रूटलिस्ट’ लावला की टिलबरींचा पियानो पंख्याच्या घरघरीत बुडतो. सूर विरत जाण्यातच ज्याची सगळी गंमत, तो विरणारा भागच मला ऐकू येत नाही. म्हणून आवाज वाढवायचा. कानाला बरं वाटेल इतका वाढवून मी मागे टेकतो, आणि पुढच्या तुकड्यात ब्रास कोसळतो. रिमोट शोधून आवाज खाली आणेपर्यंत शेजारच्या खोलीतला दिवा लागलेला असतो. मग पुन्हा शांतता, पुन्हा आवाज वर. असं करत ऐकणं म्हणजे ऐकणं नव्हे. अर्धं लक्ष अंगठ्यावर असतं.

उपाय करून पाहिले. फोनमधली आवाज समान राखण्याची सोय एका तुकड्याची पातळी दुसऱ्याच्या जवळ आणते, पण तुकड्याच्या आतला चढउतार तसाच राहतो, आणि त्रास नेमका आतला आहे. टीव्हीच्या साउंडबारचा नाइट मोड मात्र आतलाही चढउतार दाबतो. तो लावला की ओव्हर्चरमधला तो आघातच जातो. चार सूर येतात, पण आदळत नाहीत, आणि मग ते ऐकायचं तरी कशाला? हेडफोनने पंख्याचा आवाज कमी होतो हे खरं. पण बाहेरच्या आवाजावर मात करायला पातळी चढवलेली असते आणि तोच ब्रास थेट कानात येतो. कान बंद करणारे चांगले हेडफोन ज्यांच्याकडे आहेत त्यांना हा त्रास बराच कमी होईल, हे मला मान्य आहे.

ब्लूमबर्गचा यात दोष नाही, उलट हा त्याच्या रचनेचा गाभा आहे. एवढ्या शांततेशिवाय त्या आघाताला अर्थ नाही. थिएटरमध्ये पंखा नसतो, रस्ता नसतो, रिमोट आपल्या हातात नसतो. तिथे मी ‘ब्रूटलिस्ट’चं संगीत ऐकून सुन्न होऊन बाहेर पडलो होतो आणि त्या दिवशी कुणी विचारलं असतं तर क्षणभरही विचार न करता त्याचंच नाव घेतलं असतं.

‘वाइल्ड रोबॉट’मध्येही मोठा आवाज काही कमी नाही. कड्यावरच्या त्या तुकड्यात ऑर्केस्ट्रा पूर्ण ताकदीने वाजतो. पण तिथे तो पायऱ्या चढत पोचतो. कान सोबत चढत जातो, त्यामुळे हात रिमोटकडे जात नाही. हळू भागांतही काहीतरी सतत हलत असतं, एखादी बासरी, एखादा लाकडी ठोका, म्हणून पंख्याखालीही ते हरवत नाही. एकदा पातळी लावली की शेवटपर्यंत तीच चालते. हे मी कुठल्या यंत्राने मोजलेलं नाही. माझ्या खोलीत, माझ्या स्पीकरवर जे घडतं ते सांगतो आहे. तरी बहुतेक फ्लॅटमध्ये असंच घडेल असा माझा अंदाज आहे.

‘वाइल्ड रोबॉट’ची एक उणीव सांगायला हवी. प्रसंग संपला की तुकडा संपतो. एखादी धून नुकती उमलू लागते आणि दृश्य बदललं म्हणून ती तिथेच तुटते. मॅरेन मॉरिसची दोन गाणी चांगली आहेत, पण ऑर्केस्ट्राच्या नादात असताना मला ती मध्ये नको वाटतात. माझ्या यादीतून मी ती वगळली आहेत.

ज्यांना हे तुटणंच खटकतं त्यांनी चित्रपट सोडून त्याच वर्षीच्या निखळ ऑर्केस्ट्राकडे जावं. २०२४ हे चेक संगीतकार बेड्रिख स्मेतानाच्या जन्माचं दोनशेवं वर्ष. सेम्यॉन बिचकोव्ह आणि चेक फिलहार्मॉनिक यांनी त्याच्या ‘मा व्लास्त’चं (माझा देश) पूर्ण ध्वनिमुद्रण पेंटाटोन या रेकॉर्ड कंपनीसाठी केलं. त्यातल्या सहा रचनांपैकी ‘व्ल्तावा’ ही त्या नावाच्या नदीवरची रचना तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली असते. स्मेतानाला ऐकू येणं १८७४ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण थांबलं, आणि ही नदी त्याने त्यानंतरच्या आठवड्यांत लिहिली. दोन बासऱ्यांचे दोन झरे, त्यांची नदी, काठावरची शिकार, खेड्यातलं लग्न, चांदण्यातलं पाणी, खळाळ, आणि मग प्राग. बारा-तेरा मिनिटं कुणी मध्ये कापत नाही. सुरुवातीच्या बासऱ्या पंख्याखाली थोड्या हरवतात, हे खरं. पण इथेही चढण आहे, उडी नाही, म्हणून मी त्या पहिल्या मिनिटापुरता पंखा बंद करतो आणि नंतर चिंता करत नाही.

दुसरा अल्बम मेक्सिकोच्या गॅब्रिएला ऑर्टिझचा ‘रेव्होलुसिऑन दियामान्तिना’. गुस्तावो दुदामेल आणि लॉस एंजेलिस फिलहार्मॉनिकच्या या ध्वनिमुद्रणाला ऑर्केस्ट्रा विभागातलं ग्रॅमी मिळालं. शीर्षक-रचना म्हणजे बॅले आहे. स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध २०१९ मध्ये मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर जे आंदोलन झालं, त्यातून ती उभी राहिली. तिचा कोरस अंगावर येतो. मारिया दुएन्यासने वाजवलेला व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना, त्याहून सहज आत उतरतो. हा अल्बम दिवसा, खिडक्या लावून ऐकायचा.

मुंबईत असाल तर स्पीकरचा हा सगळा प्रश्न एका संध्याकाळपुरता बाजूला ठेवता येतो. एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. माइक नसतानाही मंद बासरी मागच्या रांगेपर्यंत कशी पोचते, ते तिथे ऐकलं की घरच्या स्पीकरकडून किती अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

तर एकच अल्बम घ्यायचा असेल, ऐकणं रात्रीचं असेल आणि घरात माणसं असतील, तर मी ‘वाइल्ड रोबॉट’ घ्या म्हणेन. त्यातही आधी ‘आय कुड यूज अ बूस्ट’ एकटा ऐका आणि मग पहिल्यापासून सलग लावा. स्वतंत्र खोली, जाड भिंती किंवा चांगले बंद हेडफोन असतील तर ‘ब्रूटलिस्ट’ तुम्हाला जास्त काही देईल. ओव्हर्चरचे तीन भाग मात्र शफल बंद करून, ओळीने ऐका, ते एकाच श्वासात रचलेले आहेत. आणि तो चित्रपट तुमच्या गावात मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला, तर अल्बमचा विचार नंतर करा, आधी तिकीट काढा.