धावऱ्या खेळाडूसमोर काय चालतं: जोर, नेट की आखूड चेंडू?

प्रत्येक टेनिस क्लबात असा एक जण असतोच. फोरहँड बेताचा, सर्व्हिसही साधीच, पण मारलेला प्रत्येक चेंडू परत आणतो. तुम्ही तीन जबरदस्त फटके मारता, चौथा बाहेर जातो आणि गुण त्याचा. त्याच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली ताकदीची. २००९ साली रोलाँ गारोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या, चौथ्या फेरीत रॉबिन सॉडरलिंगने राफाएल नदालला असंच हरवलं. तोवर नदाल तिथे एकही सामना हरला नव्हता. पण सपाट, जोरकस फटके तासन् तास आत ठेवणं आपल्यापैकी किती जणांना जमतं? रविवारच्या खेळाडूला ही वाट महागात पडते.

दुसरी नेटची. १९८१च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात मॅकेन्रोने बोर्गची पाच विजेतेपदांची सद्दी मोडली, ती सर्व्ह-अँड-व्हॉलीच्या, म्हणजे सर्व्हिस करून लगेच नेटकडे धावत चेंडू टप्पा पडण्याआधीच मारण्याच्या, बळावर. समोर कुणी उभं राहिलं की निवांत रॅली खेळणाऱ्याला नेमका पासिंग शॉट, म्हणजे नेटवरच्या खेळाडूच्या बाजूने निसटणारा फटका, मारावा लागतो, आणि तिथे त्याचा हात थोडा आखडतो. मात्र तो लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारा उंच चेंडू, टाकणारच. तो वरून खाली हाणायच्या स्मॅशवर भरवसा नसेल तर ही वाट सोडा.

माझं मत तिसऱ्या वाटेला. तो डावी-उजवीकडे दिवसभर पळेल, त्याला पुढे ओढा. बॅकहँडकडे आखूड, खाली राहणारा स्लाइस, म्हणजे खालून कापून मारलेला चेंडू, द्या. हा नेटलगत अलगद टाकायचा ड्रॉप शॉट नव्हे. चेंडू नेटला चिकटवायच्या हव्यासात निम्मे नेटमध्येच जातात. सर्व्हिस लाइनच्या थोडा आत पडला तरी पुरे, आणि शक्यतो मधून मारा, कारण नेट मध्यभागी ९१ सेंटिमीटर असतं आणि खांबांपाशी १०७. चेंडू खालून उचलत तो पुढे आला, की डोक्यावरून लॉब टाका किंवा अंगावर मारा. १९७५च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात आर्थर ॲशने वेगावर पोसलेल्या कॉनर्सला असेच मंद, खालचे चेंडू आणि लॉब देत ६-१, ६-१, ५-७, ६-४ असं हरवलं. कॉनर्स काही नुसता चेंडू परतवणारा नव्हता, पण वेग न देण्याचा धडा तोच.

उन्हात, तिसऱ्या सेटमध्ये, पुढे-मागे पळणं जास्त दमवतं, हा वरचा फायदा.

कुठली वाट धरायची ते वॉर्म-अपमध्येच कळतं. नेटवर दोन व्हॉली मारून तो लगेच 'बस, झालं' म्हणत मागे सरकला, तर पहिल्याच गेममध्ये त्याला आखूड चेंडू द्या.