शिकायला कोणती ८००: कार्बोरेटरची की एमपीएफआय?

घरची जुनी गाडी घरीच उघडून शिकायची, असं एकदा मनानं घेतलं की आपल्या भागात गोष्ट बहुतेक वेळा मारुती ८०० वरच येऊन थांबते. गावात एखादी उभी असतेच, नाहीतर सोयऱ्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली असते. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. २००० सालाच्या अलीकडची, म्हणजे एमपीएफआय (संगणकाच्या हुकमावर इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारी) घ्यायची, की त्याआधीची कार्बोरेटरवाली (इंजिनाच्या ओढीवर हवेत पेट्रोल मिसळणारी)? बोनेट बंद असेल तर दोघी बहिणी दिसतात. बोनेट उघडलं की शिकण्याची वाटच वेगळी होते.

ब्रेक, क्लच, स्टीअरिंगचे बॉल जॉइंट, ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट, रेडिएटर, टायमिंग बेल्ट यांत शिकणाऱ्याला दोघींत फारसा फरक जाणवत नाही. दोन-दोन व्हॉल्व्हच्या इंजिनात टॅपेट लावायची, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट (गॅप) ठरवायची रीतही एकच. इंजिन पूर्ण थंड हवं, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) ०.१५ मिलिमीटरच्या आसपासचं घ्यायचं, आणि लॉकनट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजायचा. नट आवळताना स्क्रू जरासा फिरतो आणि लावलेला गॅप बदलतो. नवखे लोक हे दुसरं मोजणं टाळतात आणि मग टॅपेटचा आवाज तसाच राहतो. तर हे सगळं बाजूला ठेवू. निवड करायची ती पेट्रोल आणि करंट यांच्या व्यवस्थेवरून.

आधी एमपीएफआयचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. चाबी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू. चोक ओढायचा नाही, रेस धरून बसायचं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक मोठा आहे. मे महिन्यात यवतमाळहून वर्ध्याला जाऊन गाडी दहा-पंधरा मिनिटं उन्हात उभी केली, तर कार्बोरेटरवाली चालू होताना हमखास कुरकुरते. इंजिनाची धग वर चढते आणि फ्लोट चेंबरातलं (कार्बोरेटरमधल्या छोट्या टाकीतलं), पंपातलं पेट्रोल उकळायला लागतं. एमपीएफआयमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं, म्हणून ते सहसा उकळत नाही. (कार्बोरेटरवाली अशी अडली तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. पाय खालीवर करू नका, दर दाबाला आत पेट्रोलची पिचकारी जाते आणि प्लग भिजतात. इंजिनाला लावलेल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवलं तरी फरक पडतो.)

दुसरी गोष्ट, गाडी उभी राहण्याची. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी महिना-दीड महिना हलत नाही. तेवढ्यात फ्लोट चेंबरातलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो, तो जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) बसतो. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओल धरायची सवय आहे आणि जुन्या रबराशी त्याचं जमत नाही. कार्बोरेटरमधल्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) आधी कडक होतो, मग चिरतो. म्हणजे कार्बोरेटरवाली घेतली तर वर्षातून एकदा तरी कार्बोरेटर उतरवून धुवायची तयारी हवी, आणि इंजिनाजवळचे पेट्रोलचे पाइप इथेनॉलला चालणारे घालून घ्यायला हवेत. कागदपत्रांचाही मुद्दा आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी लागते. कार्बोरेटरवाली निदान दोनदा त्यातून गेलेली असायला हवी, म्हणून आरसीवरची तारीख आधी पाहा.

एवढं असूनही माझं मत कार्बोरेटरकडे झुकतं. घरी ठेवली तीही तीच.

कारण असं की ती बंद पडली तर प्रश्न दोनच उरतात: पेट्रोल येतंय का, आणि ठिणगी पडतेय का? (कॉम्प्रेशन एका दिवसात जात नाही.) दोन्हींची उत्तरं अंगणात, हातातल्या सामानावर मिळतात. कार्बोरेटरला येणारा पाइप काढून त्याचं टोक प्लास्टिकच्या बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि पाच सेकंद सेल्फ मारा. पंप मेकॅनिकल आहे, इंजिनाबरोबर चालतो. तो ठीक असेल तर बाटलीत ठोक्याठोक्यानं पेट्रोल पडतं. पडलं नाही तर टाकी, फिल्टर किंवा पंप. पंपाचा डायफ्राम फाटला असेल तर डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येतो, तेही हुंगून पाहा.

पेट्रोल येतंय असं ठरलं की कार्बोरेटरच्या अंगावरची छोटी काच पाहायची. मळ पुसून, टॉर्च तिरपा धरून पाहिलं की आत पेट्रोलची रेघ दिसते. ती काचेवरच्या गोल खुणेच्या मध्यावर हवी. खुणेच्या खाली असेल तर फ्लोटची सुई अडकलीय किंवा जाळीत कचरा आहे. वर असेल तर सुई नीट बसत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो करणार. इंजिनाच्या पोटात पेट्रोल किती आहे हे डोळ्यांनी दाखवणारी अशी जागा एमपीएफआयमध्ये नाही. शिकणाऱ्याला या बोटभर काचेचा जेवढा उपयोग होतो तेवढा महागड्या पान्यांच्या सेटचा होत नाही, असं मला वाटतं.

अजून एक. गाडी रेसवर चालते पण पाय उचलला की बंद पडते, अशी तक्रार आली तर कार्बोरेटर खोलायच्या आधी चाबी ऑन करून कान द्या. कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा (करंटवर उघडणाऱ्या छोट्या झडपेचा) बारीक ‘टिक’ आवाज यायला हवा. तो नसेल तर त्याची वायर सुटली आहे किंवा सोलेनॉइड गेलाय, आणि आयडलचं, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणारं, पेट्रोल तिथेच अडतंय. कितीतरी चांगले कार्बोरेटर या एका वायरपायी उगाच खोलले जातात.

खोलावाच लागला तर जेट काढून कार्बोरेटर क्लीनर मारा आणि हवेनं फुंका. तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल प्यायला लागते. मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत बसेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून कागदावर लिहा, आणि परत लावताना तेवढेच फेरे बाहेर घ्या. जोरानं आवळला तर सुईच्या टोकाला खाच पडते, मग आयडल कधीच जागेवर येत नाही. कार्बोरेटरच्या दुरुस्ती किटमधले गॅस्केट नवेच घाला. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधला जाड इन्सुलेटर मात्र जपून ठेवा. तो विसरला तर वर सांगितलेलं उन्हाळ्याचं दुखणं दुपटीनं वाढतं.

आता ज्या एका त्रासानं माझ्यापुरता निकाल लागला तो सांगतो. तो म्हणजे उंदीर.

शहरात लिहिलेल्या तुलनेत हा मुद्दा सापडणार नाही, पण आपल्याकडे गाडी उभी राहते कुठे? कोठ्याला लागून, नाहीतर ज्या पडवीत सोयाबीनची पोती आणि कापसाचे ढीग असतात तिथेच. वावरातली बिळं पावसानं भरली की उंदीर घराकडे सरकतात, आणि पीक घरी आलं की मुक्कामाला राहतात. थंडीत नुकतीच बंद केलेली गाडी म्हणजे त्यांना उबदार जागा. ते वायरी कुरतडतात, आणि इथेच दोन गाड्यांमधलं अंतर उघडं पडतं.

कार्बोरेटरवालीत त्यांना कुरतडायला फार थोडं आहे. कॉइलची वायर तोडली तर ठिणगी जाते, सोलेनॉइडची तोडली तर आयडल जातं, व्हॅक्यूमची रबरी नळी कुरतडली तर फुसफुस ऐकू येते आणि आयडल डगमगतं. बारा व्होल्टचा टेस्टर घेऊन बसलं तर तासाभरात दोष हाती लागतो.

एमपीएफआयमध्ये त्याच जागेत इंजेक्टरच्या, मॅप सेन्सरच्या, थ्रॉटल सेन्सरच्या, कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या बारीक वायरी असतात. त्यातली एखादी पूर्ण तुटली तर उलट बरं. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की कोड दिसतो. अर्धवट कुरतडलेली, किंवा घाईत पिळून टेप गुंडाळलेली वायर मात्र शिकणाऱ्याची परीक्षा पाहते. कूलंट सेन्सरचं उदाहरण घ्या. इंजिन ८० अंशांवर असताना त्याचा रेझिस्टन्स साधारण ३०० ओहम असतो, ४० अंशांना १,१०० च्या आसपास, आणि २० अंशांना अडीच हजारांच्या जवळपास. आता पिळलेल्या जोडाला ओल लागून गंज चढला आणि त्यानं ८०० ओहम वाढवले, तर ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) मिळतात १,१००. इंजिन तापून ८० वर आहे आणि ईसीयू समजतो ४०. तो थंड इंजिनाला द्यायचं तसं जास्त पेट्रोल देत राहतो. प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज कोसळतं, आणि दिवा लागत नाही, कारण ४० अंश हा आकडा त्याच्या हिशेबात अगदी साधा आहे.

मग शिकणारा माणूस आधी प्लग बदलतो, मग एअर फिल्टर, मग सेन्सरच बदलतो, आणि गाडी होती तशीच. प्रत्येक काम बरोबर करूनही उत्तर चूक येतं. आपली चूक की गाडीची, हेच कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय शिकणं पुढे जात नाही. मला नडलं ते हेच. जाणकार मिस्त्रीला हा दोष अवघड नाही, तो कनेक्टरजवळ आणि ईसीयूजवळ असं दोन्हीकडे मोजेल आणि फरक पकडेल. पण पहिल्या वर्षी कोणाच्या हे डोक्यात येत नाही.

तरी एमपीएफआय घरात आधीच असेल तर ती विकून कार्बोरेटरवाली शोधायला जा, असं मी म्हणणार नाही. घरात एकच गाडी असेल, दवाखान्याला तालुक्याच्या गावी हीच न्यायची असेल, तर एमपीएफआयच बरी. फक्त काही पथ्यं पाळा. वायरचा जोड पिळून सोडू नका, सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक चढवा. सेन्सरच्या वायरीवर बल्बचा टेस्टर लावू नका, तिथे पाच व्होल्टचा कारभार असतो आणि ईसीयू जाऊ शकतो, मल्टिमीटरच वापरा. पेट्रोलचा पाइप खोलण्याआधी पंपाचा फ्यूज काढा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, नाहीतर दाबाखालचं पेट्रोल तोंडावर उडतं. गावातल्या वेल्डरकडे सायलेन्सर शिवायला नेलीत तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. आणि गाडी धान्यापासून दूर, उजेडात, जमल्यास आठवड्यातून एकदा बोनेट उघडून ठेवा. कोणत्याही गोळीपेक्षा याचा परिणाम चांगला दिसतो.

घरात दुसरी गाडी किंवा निदान एक मोटरसायकल असेल, आणि ही खरंच हात बसवण्यासाठी हवी असेल, तर कार्बोरेटरवाली पाहायला जा. पाहायला जाताना रंग आणि सीटकव्हरात वेळ घालवू नका. एअर फिल्टरचं झाकण काढा, थ्रॉटलचा स्पिंडल दोन बोटांत धरून आडवा हलवा. तो खडखडला तर भोक झिजलंय, तिथून हवा ओढली जाते आणि कितीही धुतलं, कितीही सेटिंग केलं तरी आयडल स्थिर राहत नाही. अशा कार्बोरेटरवर शिकणं म्हणजे वाकड्या पट्टीनं रेघ मारणं, तो सोडून द्या किंवा नागपूर-अमरावतीच्या जुन्या सामानाच्या बाजारातून दुसरा मिळतोय का ते आधी पाहा. गाडीला गॅस किट असेल तर मालकाला पेट्रोलवर चालवून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीचा कार्बोरेटर आतून कोरडा पडलेला असतो, डायफ्राम वाळलेला असतो, आणि ‘पेट्रोल भरलं की चालते’ हे वाक्य खूपदा पेट्रोल न भरताच म्हटलेलं असतं. बाटलीत एक लिटर पेट्रोल सोबत न्या. गाडी थंड असतानाच पोचा, चोक ओढून चालू करा, दहा मिनिटांनी चोक पूर्ण आत ढकला, आणि त्यानंतर ती आयडल कसं धरतेय ते काचेतल्या रेघेवर नजर ठेवून पाहा.