"फ्रिजचा गॅस संपलाय" सांगून आई-बाबांना फसवलं, कृपया वाचा

नाशिकला आई-बाबांच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहितेय, कारण ऐन उन्हाळ्यात फ्रिज बिघडला की घरात सगळ्यांची धांदल उडते आणि कंपनीच्या नावाने फसवणारी लोकं नेमका त्याचाच फायदा घेतात.

फ्रिज डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री. खालच्या कप्प्यात दूध नासायला लागलं, भाज्या मलूल, पण वर फ्रीजरमध्ये बर्फ व्यवस्थित होत होता. हे लक्षात ठेवा, सगळी गोम इथेच आहे. बाबांनी नेटवर कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर जो नंबर दिसला त्यावर फोन केला. समोरचा माणूस कंपनीच्याच नावाने बोलला. थोड्या वेळात टी-शर्ट घातलेला, गळ्यात आयकार्ड असलेला मुलगा दारात हजर. त्याने फ्रिजच्या बाजूला हात लावला आणि म्हणाला, "काका बघा किती तापलाय, गॅस लीक झालाय, आत्ता भरला नाही तर कंप्रेसर जाईल." आई घाबरली. 3800 रुपये ठरले. मग फ्रिज बंद, दोन्ही दारं सताड उघडी, सामान सगळं बाहेर, मागे काहीतरी खुडबुड केली, आणि "लाइन सेट व्हायला वेळ लागतो, संध्याकाळपर्यंत चालू करू नका, दारंही उघडीच ठेवा" असं सांगून पैसे घेऊन गेला. पैसे यूपीआयने, तेही कुणाच्यातरी वैयक्तिक नावावर. बिल म्हणून दिलेल्या कागदावर ना पत्ता ना जीएसटी नंबर.

रात्री फ्रिज एकदम गार. आई-बाबा खूश. काही दिवसांनी परत तेच, आणि आता फोनवर तोच माणूस म्हणतो कंप्रेसरच बदलावा लागेल, 9500 होतील. तेव्हा बाबांनी मला सांगितलं आणि आम्ही ओळखीतल्या एका जुन्या मेकॅनिकना बोलावलं.

त्यांनी आधी फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनल उघडलं. आत कॉइलवर बर्फाचा जाड थर, कॉइल दिसतच नव्हती. अशा साध्या डबल डोअरमध्ये गार करणारी कॉइल एकच, फ्रीजरच्या मागे, आणि तिथली गार हवा पंखा खाली ढकलतो. कॉइलवर जमणारा बर्फ वितळवायला हीटर असतो, तो अधूनमधून आपोआप चालू होतो. तो हीटर किंवा त्याचा थर्मोस्टॅट (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा भाग) गेला की बर्फ साचत जातो, हवेचा रस्ता बुजतो आणि खालचा कप्पा गरम पडतो, फ्रीजर मात्र बरेच दिवस गारच राहतो. गॅस खरंच गेला असता तर फ्रीजरमध्येही बर्फ झाला नसता.

म्हणजे त्या दिवशी दारं उघडी ठेवून फ्रिज तासन्‌तास बंद ठेवला तेव्हा आतला बर्फ आपोआप वितळला, रस्ता मोकळा झाला, म्हणून रात्री फ्रिज गार. त्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर दारं उघडी ठेवायला सांगितली. आणि मेकॅनिक काकांनी कंप्रेसर दाखवला तर गॅस भरायची जी बारीक नळी असते तिचं टोक कंपनीतून दाबून सील केलेलं तसंच्या तसं, कुठे व्हॉल्व्ह नाही, वरची धूळसुद्धा हललेली नाही. गॅस भरलाच नव्हता!

थर्मोस्टॅट बदलला, मजुरी धरून 900 रुपये. फ्रिज अजून छान चालू आहे. आणि हो, खरेदीच्या बिलावर कंप्रेसरची 10 वर्षांची वॉरंटी स्पष्ट लिहिलेली, तरी हा 9500 मागत होता.

काकांनी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, त्याची नळी सगळीकडून सीलबंद असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून जोडल्याशिवाय नुसता गॅस भरून उपयोग नाही. खरं काम करणारा माणूस व्हॅक्यूम पंप आणतो, फिल्टर बदलतो, गॅस वजनावर भरतो, कारण कुठला गॅस आणि किती ग्रॅम हे फ्रिजवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर 600ए नावाचा गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, त्यामुळे घरात कुणालाही त्याच्याशी खेळू देऊ नका. आणि बाजू गरम लागतात कारण नव्या मॉडेलमध्ये उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून जाते. तो बिघाड नाही. म्हणूनच फ्रिज भिंतीला चिकटवू नका, बाजूने हवा खेळती हवी. मागे उघडी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने धूळ झाडा. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढून बघा, सहज निघाली तर रबर सैल आहे, गार हवा बाहेर जातेय आणि बिल वाढतंय. आतल्या हवेच्या झरोक्यांसमोर पातेली, डबे ठासून ठेवू नका, त्यानेही खालचा भाग गरम होतो आणि मग असाच कुणीतरी येऊन गॅस भरतो.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार केली आहे, आणि खोटं नाव सांगून ऑनलाइन पैसे घेतले म्हणून सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला 1930 वरही. पैसे गेल्या गेल्या 1930 ला फोन करा, उशीर झाला तर रक्कम खात्यात अडवता येणं कठीण होतं. नंबर नेटवर शोधू नका, वॉरंटी कार्डवरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचाच घ्या. तोच मोबाईल नंबर मी परवा पुन्हा शोधून बघितला, आता तो आणखी दोन कंपन्यांच्या नावाखाली दिसतोय, फ्रिजसाठीही आणि वॉशिंग मशीनसाठीही.