क्लचच्या कामासाठी घेतलेले नॉरबारचे दोन टॉर्क रेंच

माझ्याकडे 1994 सालची माझदा एमएक्स-5 आहे. दोन सीटची, कापडी टपाची, 1.8 लिटरच्या इंजिनाची. इथे कोव्हेंट्रीत घरामागच्या एका गाडीच्या गॅरेजमध्ये ती असते आणि तिची सगळी कामं मी स्वतः करतो. गेल्या हिवाळ्यात चौथ्या गिअरवर चढ लागला की इंजिनाचे फेरे वाढायचे, गाडी मात्र वाढायची नाही. क्लच प्लेट संपली होती. गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलायचं ठरवलं आणि त्यासाठी आधी एक मोठा टॉर्क रेंच, म्हणजे लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की ‘क्लिक’ वाजवणारा पाना, घेतला, नंतर नाइलाजाने दुसरा छोटा. हा अभिप्राय त्या दोघांबद्दल.

मोठा म्हणजे नॉरबार प्रो 200. आवाका 40 ते 200 न्यूटन मीटर (पिळून आवळण्याच्या जोराचं एकक). छोटा प्रो 50, आवाका 8 ते 50. कंपनी बॅनबरीची, 1942 पासूनची. गावातल्या ‘नॉर्थ बार’ या रस्त्यावरून नाव पडलं. इथून बॅनबरी जवळच, म्हणून थोडा जिव्हाळाही आहे, पण घेतला तो त्यासाठी नाही. अचूकता अधिक-उणे 3 टक्के, म्हणजे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 4 टक्क्यांपेक्षा कडक, आणि डब्यात त्याच पान्याच्या अनुक्रमांकाचा तपासणीचा कागद येतो. बाजारातल्या स्वस्त पान्याच्या चार-पाच पट पैसे पडले.

माझे वडील, आप्पा, इचलकरंजीत यंत्रमागांची दुरुस्ती करायचे. व्हिडिओ कॉलवर पाना बघून पहिला प्रश्न आला, “आरं, बोल्ट आवळायला काटा कशाला लागतोय? हाताला कळत न्हाई व्हय?” आप्पांच्या हाताला कळायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तीस वर्षं तेच बोल्ट आणि त्याच लांबीचे पाने त्यांच्या हातात होते. पान्याच्या मापाच्या प्रमाणातच त्याची लांबी असते, म्हणून बेताचाच जोर लागतो. पान्याला पाइप लावून आवळणाऱ्या पोराला ते दुकानाबाहेर काढायचे. मी हा क्लच आयुष्यात पहिल्यांदा बसवत होतो, तोही गाडीखाली उताणा पडून, हात अर्धवट पोचत असताना. माझ्या हाताला काय कळणार? हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग बरोबर हाय तुझं.”

आता मुद्दा. क्लचच्या कामात भीती वाटते ती फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाला बसणाऱ्या जड चाकाच्या बोल्टांची, कारण ते मोठे आणि आकडाही मोठा: 96 ते 103 न्यूटन मीटर. म्हणून मी आधी मोठा पाना घेतला. पण फसवतात ते प्रेशर प्लेटचे, म्हणजे क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचे सहा बोल्ट. त्यांचा आकडा 18 ते 26. हे प्रो 200 च्या आवाक्यातच नाही, आणि कुठलाही क्लिकचा पाना त्याच्या आवाक्याबाहेर वापरायचा नसतो. त्यासाठी मी ऑनलाइन एक स्वस्त छोटा पाना मागवला. कुणाचा ते लिहीत नाही.

22 वर लावला. पहिले तीन बोल्ट ‘झाले’ असं वाटलं. चौथ्याला क्लिक आलीच नाही. थोडं अजून, थोडं अजून, आणि मग बोल्ट अचानक मऊ लागायला लागला. ज्याने कधी बोल्ट ताणून तोडलाय त्याला ही जाणीव माहीत असेल: जोर तोच, पण पाना पुढे जात राहतो. डोकं तुटून हातात आलं, दांडा फ्लायव्हीलमध्ये राहिला. ताण सुटल्यामुळे मधोमध पंच मारून उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने तो निघाला, आटे वाचले. पण आधीच्या तीन बोल्टांवर माझा विश्वास उरला नाही. सहाही नवीन आणले.

मग त्या पान्याची परीक्षा घेतली. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. पान्याचं चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडायचं, दांडा आडवा ठेवायचा, मुठीच्या मध्यावर बादली टांगायची आणि क्लिक होईपर्यंत पाणी ओतायचं. लांबी मीटरमध्ये, गुणिले बादलीसकट वजन किलोमध्ये, गुणिले 9.81, की न्यूटन मीटर मिळतात. दांड्याचं स्वतःचं वजन थोडी चूक आणतं, त्यामुळे ही तपासणी ढोबळच. पण 20 ला लावलेला तो पाना 25 सेंटीमीटरवर साडेबारा किलो चढल्यावर वाजला. म्हणजे 30 च्याही पुढे. ही चूक ढोबळ तपासणीतली नव्हे. प्रो 50 आल्यावर त्याच बादलीवर, त्याची लांबी धरून बघितलं. 20 ला लावला तर 20 च्या आसपासच वाजला.

प्रो 50 ची क्लिक हाताला स्पष्ट लागते. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गाडीखाली कानाला ऐकू येईलच असं नाही, आणि छोट्या आकड्यांवर क्लिक मुळातच बारीक असते. प्रेशर प्लेट बसवताना क्लच प्लेट मधोमध धरायची प्लॅस्टिकची दांडी घातली, सहाही बोल्ट बोटांनी लावले, मग समोरासमोरचे घेत 8, 15, 22 अशा तीन फेऱ्या. एक बाजू आधी आवळली तर प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं आणि मग क्लच थरथरतो. मूठ मधोमध धरायची, सावकाश ओढायचं, क्लिक झाली की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा एकदा ‘टक’ करायची सवय मलाही होती. ती सोडली, कारण प्रत्येक जादा क्लिकने बोल्ट थोडा पुढे सरकू शकतो.

प्रो 200 ने फ्लायव्हील आवळलं: 40, 60, मग 100. इथे पान्यापेक्षा आट्यांची सफाई जास्त महत्त्वाची ठरली. आपण आवळायला जो जोर लावतो त्यातला ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. आट्यात जुना डिंक किंवा गंज असेल तर पाना 100 ला वाजेल, पण बोल्टने हवी तेवढी पकड घेतलेली नसेल. उलट जिथे कोरडे सांगितलेत तिथे तेल लागलं तर त्याच 100 ला बोल्ट जास्त ताणला जाईल. या इंजिनात फ्लायव्हीलच्या बोल्टांची भोकं आत तेलाच्या बाजूला उघडतात. जुनेच बोल्ट परत वापरायचे तर जुनं सीलंट (तेल गळू नये म्हणून आट्यांना लावलेला डिंक) पूर्ण खरवडून नवीन लावायचं, असं माझदाचं मॅन्युअल सांगतं. ही खरवड करण्यात माझा एक अख्खा रविवार गेला, आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे बोल्ट 64 ते 89. वरचे दोन गाठायला मागून लांब एक्स्टेंशन घालावं लागतं. सरळ एक्स्टेंशनने आकडा बदलत नाही, फक्त ते पिळलं जातं म्हणून अजून सावकाश ओढायचं. पान्याची लांबी वाढवणारं आडवं जोडटोक लावलं तर मात्र आकडा बदलतो. चाकांचे नट 88 ते 118, तेही याच पान्याने.

दोन्ही पान्यांवर न्यूटन मीटर आणि फूट-पाउंड अशी दोन स्केलं आहेत, ती नीट वाचता येतात. माझ्याकडे मॅन्युअलची अमेरिकी प्रत आहे, त्यामुळे हे उपयोगी पडलं. एक सावधगिरी: व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) बोल्टांचा आकडा त्यात इंच-पाउंडमध्ये आहे, 43 ते 78. तो चुकून फूट-पाउंड समजून वाचला तर बारा पट जोर लागेल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातील. तो आकडा 5 ते 9 न्यूटन मीटरचा, म्हणजे प्रो 50 च्याही खालच्या टोकाला. त्यासाठी तिसरा, अजून छोटा पाना लागतो. तो मी अजून घेतलेला नाही.

काम झाल्यावर दोन्ही पाने स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहत नाही. जुना बोल्ट सोडायला त्यांना हात लावत नाही. त्याला लांब टॉमी (साधा दांडा) आहे.

तुम्ही असंच काम काढणार असाल आणि पैसे एकाच चांगल्या पान्यापुरते असतील, तर 8 ते 50 वाला घ्या. मोठा पाना शेजारपाजारी मागून मिळतो आणि जाड बोल्ट थोडीफार चूक सहन करतो. माझी खरेदी उलट्या क्रमाने झाली, त्यात एक बोल्ट आणि एक आठवडा गेला. क्लच आता चढावर धरतो, पेडल सोडताना थरथर नाही. आप्पांना तोच चढ व्हिडिओवर दाखवला. ते गाडीकडे न बघता इंजिनाचा आवाज ऐकत राहिले, आणि म्हणाले, “बसलाय.”