गंगापूर रोडवरील वृद्धनिवास : अण्णांच्या आठ महिन्यांचा अनुभव

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, वय ८१, गेल्या जूनपासून नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला एका खासगी वृद्धनिवासात राहतात. पुढे तक्रारही मांडायची असल्याने संस्थेचे नाव लिहीत नाही.

आई गेल्यानंतर इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोतून ठेवलेल्या बाईंबरोबर असत. जेवण वेळेवर मिळे, पण गप्पा मारायला बरोबरीचे कोणी नसल्याने ते दुपारभर झोपत, रात्री जागत आणि दोन घास खाऊन ताट बाजूला सारत. मुलगा, सून, नातवंडे घरात असूनही माणूस एकटा पडतो, हे मान्य करायला मला वर्ष लागले.

निवासात सर्वांत मोठा फरक पडला तो पंगतीमुळे. शेजारी बसणाऱ्या निवृत्त शिक्षकांना नाशिक रोडच्या नोट प्रेसमधल्या पाळ्यांच्या गोष्टी सांगता सांगता अण्णांच्या दोन्ही पोळ्या संपतात, आणि आठ महिन्यांत त्यांचे वजन तीन किलोंनी वाढले आहे. न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, औषध दिल्यावर वहीत सही होते, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून दिल्याची नोंद पलंगाशी टांगलेली असते. बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी हे किती आवश्यक आहे, ते आईच्या आजारपणात आम्ही उशिरा शिकलो.

तक्रार आहे ती चहाची, आणि ती मला लहान वाटत नाही. पहिल्या पाळीच्या सवयीने अण्णा पहाटे साडेचारला उठतात. घरी ते स्वतः गवती चहा घालून चहा करत. येथे चहा साडेसहाला येतो, स्वयंपाकघराला तोवर कुलूप असते आणि खोलीत विजेची किटली ठेवायला परवानगी नाही. पहिले दोन महिने ते अंधारात पलंगावर नुसते बसून राहिले. तिसऱ्यांदा सांगितल्यावर रात्री थर्मास भरून ठेवू लागले. सुरक्षिततेचे कारण मला समजते. पण ज्याचे हात अजून चालतात, त्याच्या हातून शेवटचे कामही काढून घेतले, तर तो लवकर परावलंबी होतो.

शुल्क दरमहा २२,००० रुपये आणि अनामत ५०,००० रुपये आहे. डायपर व फिजिओथेरपी यांचे पैसे वेगळे पडतात, हे करारात शेवटच्या पानावर आहे. ते पान आधी वाचावे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य शासनाने उभारावा, ही आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील तरतूद किती गरजेची आहे, ते असे बिल हाती आल्यावर कळते.

शक्यतो घराजवळचे ठिकाण निवडावे. मला आठवड्यातून दोनदा जाता येते. ज्यांच्याकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही, असे आजी-आजोबा भेटीच्या वेळी दाराकडे तोंड करून बसलेले असतात.

सकाळी मदतनिसांच्या देखरेखीखाली चहा करू द्यावा, असा अर्ज मी दिला आहे आणि व्यवस्थापकांनी होळीनंतर उत्तर देण्याचे कबूल केले आहे. तोपर्यंत दर शनिवारी मी गवती चहाची जुडी रात्रपाळीच्या मावशींकडे देऊन येतो.